मिस्त्रीचा नकार हीसुद्धा दुरुस्तीच

पुण्या-मुंबईत कॅम्पर व्हॅन म्हटलं की झोपायची गादी, शेगडी आणि पडदे असलेली सहलीची गाडी डोळ्यांपुढे येते. सांगोल्यात कॅम्पर म्हणजे बोलेरो कॅम्पर. पुढे दोन रांगांत माणसं, मागे उघडा हौदा. सकाळी ती डाळिंबाच्या बागेत मजूर सोडते, दुपारी खताची पोती आणते आणि संध्याकाळी क्रेट भरून बाजाराला लागते. हौद्यात माणसं बसवायला कायद्याने बंदी आहे, तरी ती बसतात. गाडी जुनी झाली की ती भंगारात जात नाही. ती दुसऱ्या, मग तिसऱ्या मालकाकडे जाते. शेवटचा मालक बहुधा असा असतो, ज्याचा संसार त्याच गाडीच्या भाड्यावर चालतो.

सांगोला दुष्काळी तालुका. पाऊस कमी, मग गाड्या का गंजतात? उत्तर बागेतच आहे. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतो. बॅरलमधून सांडलेलं मोरचुदाचं पाणी लोखंडावर पडलं की त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड झिजतं. पोटॅशच्या फुटक्या पोत्यातून क्लोराइड सांडतं. त्यात बोअरच्या खारट पाण्याने गाडी धुतली की हे सगळं चासीच्या खाचाखोचांत, ब्रेकच्या पाइपावर आणि टाय रॉडच्या जोडावर जाऊन बसतं.

हा झाला बाहेरचा गंज. आतला गंज दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षानुवर्षं ते बदललं नाही तर मास्टर सिलेंडर आणि व्हील सिलेंडर आतून खड्डे पडून खराब होतात, रबरी कप फाटतात आणि ऑइल झिरपतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये, असं मानक आहे. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. भरलेली गाडी घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं आणि पाइपात वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. काही जण ऑइल कमी झालं म्हणून त्यात इंजिन ऑइल ओततात. त्याने रबर फुगतं आणि उरलेसुरले ब्रेकही जातात.

स्टेअरिंगचंही तेच. बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलं की ग्रीस निघून जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि स्टेअरिंगला प्ले येतो. पॉवर स्टेअरिंगच्या रॉडवर गंजाचे खड्डे पडले की तो पॉलिश पेपरने घासून नवीन ऑइल सील बसवलं जातं. थोड्याच दिवसांत खड्डे नवं सीलही कापतात. वाकलेला टाय रॉड गॅसवर लाल करून, ठोकून सरळ करतात. दिसायला तो सरळ होतो, पण तापवल्याने पोलादाची ताकद बदललेली असते. तो कधी तुटेल, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

जुगाडाचं आपल्याला फार कौतुक आहे. माझं म्हणणं एवढंच की त्याला सीमा असावी. इंजिनातला जुगाड फसला तर गाडी रस्त्यात बंद पडते आणि माणूस घरी उशिरा पोचतो. गाडी थांबवणाऱ्या आणि वळवणाऱ्या भागातला जुगाड फसला तर माणूस घरी पोचतच नाही. त्यात सांगोल्यावरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आता चौपदरी आहे. गावच्या खड्ड्यांतून वीसच्या वेगाने जाताना खपून गेलेला गंजका जोड तिथे ऐंशीच्या वेगात परीक्षेला बसतो.

मग मिस्त्री असं काम करतो कशाला? कारण गिऱ्हाईक म्हणतं, “चाचा, एवढी खेप होऊ द्या, पुढच्या महिन्यात नवीन टाकू.” नकार दिला तर ते शेजारच्या गॅरेजात जातं. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, मजुरीत घासाघीस करतो, पण गाडीखाली अर्धा तास पडून दोष शोधणाऱ्या नजरेचे पैसे देत नाही. खरं सांगण्याची किंमत एकट्या मिस्त्रीने मोजायची, हा व्यवहार न्यायाचा नाही.

हा प्रश्न मुस्लीम समाजाच्याही दारातला आहे. स्वयंरोजगारात आणि असंघटित कामांत मुस्लिमांचं प्रमाण जास्त असल्याचं सच्चर समितीने २००६च्या अहवालात नोंदवलं होतं. गावोगावची गॅरेजं हा त्याचाच एक चेहरा. शाळा सुटलेला पोरगा उस्तादाच्या हाताखाली पान्हे देता देता शिकतो. कसं करायचं ते त्याला येतं, पण का करायचं आणि काय करायचं नाही, हे त्याला कुणी शिकवत नाही. अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. आपल्या संस्था पदवीच्या शिष्यवृत्त्या वाटतात तशी या पोरांची नावंही तिथे नोंदवतात का? गॅरेजात सोडलेली गाडी ही अमानत आहे, असं आपण म्हणतो. त्या गाडीत बसणारी माणसंही अमानतच आहेत.

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाड्या भंगारातच काढा. २०२१मध्ये त्यासाठी सरकारी धोरणही आलं. चासीच कुजली असेल तर हे खरं आहे. पण टाय रॉड आणि सिलेंडर बदलून गाडी सुरक्षित होत असेल, तर गरीब मालकाची रोजीरोटी भंगारात कशाला घालायची? त्यासाठी अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती छोट्या गॅरेजला मिळायला हवी. बाहेरच्या मिस्त्रींना सुटे भाग आणि माहिती मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. पोर्टलवरचा हा हक्क तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोचायला हवा.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करता येईल. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. काढलेला जुना भाग मिस्त्रीने गिऱ्हाइकाला दाखवावा. काय बदललं आणि काय बदलायला मालकाने नकार दिला, हे बिलावर लिहावं. आणि गावातल्या सगळ्या मिस्त्रींनी एकत्र बसून ठरवावं की स्टेअरिंगचा रॉड कुणी वेल्डिंग करणार नाही, गंजलेला ब्रेक पाइप कुणी जोडून देणार नाही. एकट्याने नकार दिला तर त्याचं गिऱ्हाईक तुटतं. सगळ्यांनी दिला तर गिऱ्हाइकाला नवा भाग घेण्यावाचून इलाज राहत नाही, आणि सकाळी बागेला गेलेले मजूर संध्याकाळी सुखरूप परततात.