अज्ञान, सज्ञान आणि पित्याची सत्ता : अठराव्या वर्षाआधीचे बंद दार

१. घरचा सातबारा उघडून पाहा. एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ हा शेरा आढळण्याचा संभव आहे. अज्ञान पालक कर्ता. जमीन ज्याच्या नावे आहे तो १८ वर्षांच्या आतला, म्हणून व्यवहार पालकाच्या हाती. आपली कायद्याची मराठी अशा व्यक्तीला ‘अज्ञान’ म्हणते आणि १८ पूर्ण होताच ‘सज्ञान’. या थ्रेडचे भांडण या दोन शब्दांशी आहे.

२. समजा, १७ वर्षांची एक मुलगी स्वतः कमावते, वेगळी राहते आणि घरी परतणे तिला धोक्याचे आहे. ‘मला आईवडिलांच्या पालकत्वातून मुक्त करा’ असा अर्ज ती न्यायालयात करू शकते काय? अमेरिकेतील अनेक राज्यांत करू शकते. भारतात तशी तरतूदच नाही. या उणिवेला आपण ‘आपली कुटुंबसंस्था’ असे भारदस्त नाव देतो. इतिहासाच्या कसोटीवर हे समर्थन टिकत नाही.

३. पालकत्वातून मुक्ती, म्हणजे ‘इमॅन्सिपेशन’, ही कल्पना आधुनिक अमेरिकेची नव्हे, प्राचीन रोमची. तेथे पित्याची सत्ता त्याच्या मृत्यूपर्यंत चाले. मुलगा चाळिशीचा झाला, मोठ्या अधिकारपदावर बसला, तरी मूळ नियमानुसार त्याची मिळकत पित्याचीच. वयाने सुटका होत नसे.

४. इ. स. पू. ४५० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘बारा पट्टिकां’मध्ये एक नियम होता : पित्याने मुलाला तीनदा विकले, तर मुलगा पित्याच्या सत्तेतून मुक्त. कायदेपंडितांनी यातूनच वाट काढली. विश्वासातील माणसाला मुलगा तीनदा लटका विकायचा आणि मोकळा करायचा. मुलीसाठी एक विक्री पुरे. सहाव्या शतकात जस्टिनियनने हे नाटक बंद करून अधिकाऱ्यासमोरील घोषणा पुरेशी ठरवली. परंतु दार उघडणारा हात सामान्यतः पित्याचाच राहिला.

५. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेतही सूत्र तेच होते. सज्ञानतेचे वय २१. पण १५ वर्षे पूर्ण झालेल्या अपत्याला पिता न्यायाधीशासमोर घोषणा करून मुक्त करू शके. विवाह झाला की मुक्ती आपोआप. म्हणजे सुटकेचे दोन मार्ग : पित्याची मर्जी किंवा लग्न.

६. खरा बदल घडला तो अर्ज कोणी करायचा या प्रश्नावर. कॅलिफोर्नियात १४ वर्षे पूर्ण झालेले मूल स्वतः अर्जदार असते. अटी मात्र कडक आहेत : ते स्वेच्छेने वेगळे राहत असले पाहिजे, पालकांची त्याला संमती वा मूक मान्यता हवी, पैशाचे व्यवहार ते स्वतः सांभाळत असले पाहिजे आणि उत्पन्न गुन्ह्यातून आलेले नसावे. ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, तोच तेथे न्यायालयाचे दार ठोठावतो.

७. आता आपल्याकडे वळू. ‘१८ वर्षांपर्यंत पालकत्व ही आपली परंपरा’ असे म्हणणाऱ्यांनी १८७५ चा भारतीय सज्ञानता कायदा पाहावा. त्यापूर्वी हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे अज्ञानत्व सोळाव्या वर्षी संपे. त्या वर्षाच्या आरंभी की अखेरीस, एवढाच मतभेद. १८ ची रेषा ब्रिटिश विधिमंडळाने आखली. न्यायालयाने पालक नेमला असेल तर २१; ही २१ ची अट थेट १९९९ मध्ये गेली.

८. त्या कायद्याने विवाह, मेहेर, घटस्फोट आणि दत्तक हे विषय मात्र आपल्या कक्षेबाहेर ठेवले. परिणामी विवाहित अज्ञान मुलीचे पालकत्व पतीकडे जाई. १८९० चा पालक व पाल्य कायदा म्हणतो की अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही, अपवाद स्वतःच्या पत्नीचा व अपत्याचा. ज्याला स्वतःचा कारभार पाहण्याची अक्कल नाही असे कायदा मानतो, तोच मुलगा पत्नीचा पालक मात्र होऊ शकतो!

९. स्वतंत्र भारताने १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तोच विचार कायम ठेवला : विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा पती. मुलीला पित्याच्या सत्तेतून बाहेर काढणारे एक दार कायद्याने ठेवले खरे. ते उघडत होते दुसऱ्याच्या सत्तेत.

१०. या हस्तांतराची किंमत रखमाबाईंना विचारावी. अकराव्या वर्षी विवाह झाला. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी पतीचा दावा फेटाळला, पुढे अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये आदेश आला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. बालपणी इतरांनी केलेल्या निर्णयाचे ओझे सज्ञान स्त्रीच्या मानेवर कसे बसते, हे या खटल्याने दाखवले.

११. ‘अज्ञानाला संरक्षण हवेच’ हा आक्षेप रास्त आहे. १९०३ च्या मोहोरी बिबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरवला, आणि सावकाराच्या पाशातून अज्ञान सुटला. पण तोच नियम १७ वर्षांच्या कमावत्या मुलीला खोलीचा भाडेकरारही करू देत नाही.

१२. बालकल्याण समिती निवारा देते, संस्थेत ठेवते, दुसऱ्या पालकाकडे सोपवते. हे काम मोलाचे आहे. परंतु त्यात मूल एका रक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते. स्वतःच्या स्वाधीन कधीच होत नाही.

१३. राज्यसंस्थेचा दुटप्पीपणा मात्र अक्षम्य आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार घोर गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ ते १८ वयाच्या मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज मंडळ तपासते. त्यानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

१४. म्हणजे सोळाव्या वर्षीची समज मोजता येते, हे राज्याने स्वतः मान्य केले आहे. ती मोजणी फक्त शिक्षेसाठी का? घाम गाळताना जाणता, कोठडीत जाताना जाणता आणि छळाच्या घरातून बाहेर पडू पाहताना तेवढा ‘अज्ञान’, हे कोणत्या न्यायात बसते?

१५. मागणी मर्यादित आहे. १६ पूर्ण झालेल्याला स्वतः अर्ज करता यावा, न्यायालयाने त्याची समज, मिळकत आणि घरची परिस्थिती तपासावी. अर्ज मुलाचाच असावा, पालकाचा नव्हे, म्हणजे नकोशी मुले झटकण्याचे ते साधन होणार नाही. मुक्तीने वारसाहक्क बुडू नये. सुखाने नांदणाऱ्या घरांना याची झळ लागणार नाही. तेथून कोणी अर्ज करणारच नाही.

१६. रोमन पित्याने दार स्वतःच्या हाती ठेवले, नेपोलियनने ते पिता आणि विवाह यांच्यात वाटले, आपण ते अठराव्या वाढदिवसापर्यंत बंद केले. या इतिहासात ज्याचे आयुष्य पणाला लागले, त्याला विचारण्याची वेळ फार क्वचित आली. आपण तरी विचारू या.