जुन्या घराचें साहित्य

कोंकणांत जुनें घर पाडून सिमेंट-काँक्रीटचें नवें बांधण्याची हौस वाढली आहे. आणि पाडलेल्या घराचें साहित्य बहुधा भरावांत अथवा चुलींत जातें. ही उधळपट्टी होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जांभ्या दगडाचा चिरा खाणींतून काढतांना मऊ असतो, म्हणून तो सहज तासतां येतो. पुढें वारा लागून कठीण होतो. तो मातीच्या गाऱ्यांत बसविलेला असल्यास भिंत उतरवितांना अखंड सुटतो व दुसऱ्या भिंतीस लागतो. सिमेंटांत पक्का बसविलेला चिरा मात्र बहुधा फुटूनच निघतो. म्हणजे घराचें साहित्य पुढें कोणाच्या उपयोगीं पडणार कीं नाहीं, हें बांधतांनाच ठरतें. कौलांचेंही तसेंच. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कारखाना काढून जीं प्रचारांत आणिलीं, तीं कौलें रिपांवर नुसतीं अडकविलेलीं असतात. हातानें काढून पुन्हां घालतां येतात. सागाच्या तुळया तर (पालकहो, त्या जळाऊ म्हणून विकूं नका!) नातवंडांच्या घरासही पुरतील.

कौलें चाळावीं लागतात, लांकडास वाळवी लागते, हे आक्षेप खरे आहेत. तथापि सिमेंटाच्या भट्टींत चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवितात, आणि त्या दगडांतून व जळणांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघतो. त्याचाही हिशेब घरमालकानें करावा. पाया व न्हाणीघर ह्यांस सिमेंट खुशाल घ्यावें, आमची ना नाहीं. भिंतींकरितां मात्र आधीं अंगणांत रचलेले जुने चिरे मोजावे.