चोपण जमिनीचा दोष खडकाचा नाही

साताऱ्याचं कास पठार आणि सांगलीतली कृष्णाकाठची काळी रानं या दोन्हींचा मूळ खडक एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं, खडकाच्या भेगांत मुरतं आणि त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवतं. खडकाचा मुरूम होतो, मुरमाची माती. पण सुटलेले क्षार पुढे कुठे जातात, यावर मातीची जात ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पावसाने ते युगानुयुगे धुऊन नेले. उरला लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा. पूर्वेकडे आटपाडी-जतला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे क्षार धुऊन जात नाहीत, चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने मातीतच राहतात. कृष्णाकाठची चिकण काळी माती सुपीक आहे ती याच शिल्लकीमुळे, आणि धोक्यात आहे तीही याच शिल्लकीमुळे.

वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड झालेल्या रानांना ‘जमीनच वाईट’ म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. कमी पावसात घडलेल्या भारी मातीत आपण वर्षभर पाटाने उसाला पाणी सोडतो. निचरा मंद, भूजल वर येतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. पुढे सोडियम चिकणमातीला धरून बसला की तिची छिद्रं बुजतात आणि रान चोपण होतं. दोष रासायनिक खतांचा आहे, असं कोणी म्हणेल. खतं भर घालतात, हे खरं. पण तीच खतं निचऱ्याच्या माळरानात घातली तर तिथे चोपण होत नाही. चिकणमातीतला सोडियम सोडवायला घालतात ते जिप्समही एकट्याने पुरत नाही. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे मातीतच गेले.

ऊस सोडा, असं सांगणं सोपं आहे. हमखास भाव देणारं दुसरं पीक शेतकऱ्याच्या हाती नाही, तोवर ते पोकळच. पण ऊस ठिबकवरही येतो. जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकणं जरुरीचं आहे, तरी एकट्या शेतकऱ्याने टाकून भागत नाही, कारण ओढेनाले बुजवलेले असतील तर खारं पाणी शेजाऱ्याच्या रानात जाईल. तेव्हा सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी पाणीपट्टी एकरावर न घेता मोजलेल्या पाण्यावर घ्यावी, आणि ग्रामपंचायतींनी नाल्यांवरची अतिक्रमणं आधी काढावीत.