शिफारशीविना मिळणारा किताब

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. दिल्लीतील आम्हा मराठी मंडळींमध्ये त्या आठवड्यात अभिनंदनाच्या जोडीने एक शंकाही व्यक्त झाली. स्पर्धेला जाताना तिच्या नावावर ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म नव्हता, मग किताब मिळाला कसा? उत्तर सोपे आहे. या स्पर्धेच्या विजेतीला थेट किताब द्यावा, असा जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजेच फिडेचा नियम आहे. परंतु हा अपवादात्मक मार्ग झाला. बाकीचे खेळाडू ज्या वाटेने जातात, ती वाट प्रशासनात काम करणाऱ्या माणसाने बारकाईने पाहण्यासारखी आहे.

फिडेची स्थापना १९२४ साली पॅरिसमध्ये झाली. ग्रँडमास्टर हा किताब ती संस्था अधिकृतपणे १९५० पासून देऊ लागली आणि पहिल्या यादीत २७ नावे होती. पूर्वकामगिरी पाहून ही नावे ठरविण्यात आली. पुढे अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी तयार केलेली गुणांकनपद्धती फिडेने १९७० मध्ये स्वीकारली आणि किताबाला गणिताचा आधार मिळाला. आजचा नियम थोडक्यात असा : खेळाडूचे रेटिंग कधीतरी २५०० ला पोहोचले पाहिजे आणि एकूण किमान २७ डावांमध्ये त्याने नॉर्म मिळविले पाहिजेत. सर्वसाधारण नऊ फेऱ्यांच्या स्पर्धांचा विचार केला तर असे तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे त्या स्पर्धेपुरती २६०० रेटिंगच्या तोडीची कामगिरी. प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी रेटिंग २३८० असेल तर नऊपैकी सात गुण हवेत. प्रतिस्पर्धी त्याहून बलाढ्य असतील तर कमी गुणांवरही भागते. शिवाय प्रतिस्पर्ध्यांमध्ये किमान तीन ग्रँडमास्टर हवेत आणि सर्वसाधारणपणे आपला देश सोडून आणखी दोन देशांचे खेळाडू हवेत. इंटरनॅशनल मास्टर या किताबाची रचना हीच, फक्त आकडे २४०० आणि २४५० असे आहेत.

या साऱ्या व्यवस्थेत वरिष्ठांच्या अभिप्रायाला कोठेही जागा नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्याकडे वार्षिक मूल्यमापन अहवालात एक ते दहा या श्रेणीत गुण दिले जातात आणि २००९ पासून तो अहवाल संबंधित अधिकाऱ्याला दाखविलाही जातो. सुधारणा चांगली झाली, पण परिणाम काय झाला? बहुतेकांना नऊच्या आसपास गुण मिळतात. कोणी कोणाला दुखवायचे, हा प्रश्न प्रत्येक अहवाल लिहिणाऱ्यापुढे उभा असतो. पटावर तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण तुमचे मूल्यमापन तुमचा प्रतिस्पर्धी करतो आणि तुम्हाला खूश ठेवण्यात त्याचा कोणताही स्वार्थ नसतो.

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह असा एक मूलभूत भेद शिकवितात. बुद्धिबळात किताब हा साठा आहे, तो एकदा मिळाला की आयुष्यभर टिकतो. रेटिंग हा प्रवाह आहे, दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या यादीत ते वर किंवा खाली जाते. त्यामुळे माणसाने कधीकाळी काय साधले आणि आज तो कोठे आहे, या दोन्ही गोष्टी जगासमोर उघड राहतात. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आमच्याजवळ साठा असतो, प्रवाहाचे मोजमाप मात्र आम्ही आजवर नीट बसवू शकलेलो नाही. अर्थात प्रशासन म्हणजे पट नव्हे. जिल्ह्यात दुष्काळ हाताळणाऱ्याला समोर एकच प्रतिस्पर्धी आणि हाती घड्याळ अशी सोय नसते. तरीही दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, एवढे तत्त्व आपण घ्यायला हरकत नाही.

आता या नाण्याची दुसरी बाजू. मोजमाप निःपक्षपाती असले तरी मोजमापाच्या जागेपर्यंत पोहोचण्याचा खर्च सर्वांना सारखा झेपत नाही. परदेशी खेळाडू आणि किताबधारक प्रतिस्पर्धी हवेत, हा नियम योग्यच आहे. अन्यथा प्रत्येक देश आपल्या घरात किताब वाटत बसेल. परंतु त्यामुळे आपल्या मुलांना सर्बिया, हंगेरी, स्पेन अशा देशांत महिनामहिना राहून एकामागून एक स्पर्धा खेळाव्या लागतात. विमानभाडे, व्हिसा, निवास, प्रवेशशुल्क, प्रशिक्षक आणि सोबत एक पालक असा हा हिशेब असतो. माझ्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने मुलासाठी भविष्य निर्वाह निधीतून दोनदा रक्कम काढली. मुलाचे इंटरनॅशनल मास्टरचे दोन नॉर्म झाले, तिसरा एकदा अर्ध्या गुणाने हुकला आणि तिसऱ्यांदा रक्कम काढण्याचे धाडस वडिलांना झाले नाही. मुलगा आज अभियांत्रिकी शिकतो आहे. त्याची बुद्धी कमी पडली की वडिलांचा निधी, हे कोणीही निश्चित सांगू शकणार नाही. असे प्रश्न ज्या व्यवस्थेत अनुत्तरित राहतात, तेथे शासनाला काम आहे असे मी समजतो.

इतिहासही हेच दर्शवितो. मॅन्युएल एरन १९६१ मध्ये भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले आणि दुसरे, व्ही. रविकुमार, १९७८ मध्ये. मधली १७ वर्षे या देशात बुद्धिमान मुले जन्मलीच नाहीत असे कोण म्हणेल? स्पर्धा नव्हत्या, परकीय चलन नव्हते. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, त्याचा अखेरचा नॉर्म कोइम्बतूरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे आपल्याच देशात पूर्ण झाला. त्यानंतर १९९१ मध्ये दिब्येंदू बारुआ आणि १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे. पहिले तीन ग्रँडमास्टर घडायला इतका काळ लागला. मात्र देशात खुल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा वाढत गेल्या, तशी संख्याही वेगाने वाढली. महाराष्ट्रात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी सरकारी खजिन्याची वाट न पाहता वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीच्या.

शासनाने नेमके काय करावे, याचे अलीकडचे एक उदाहरण तामिळनाडूने घालून दिले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारच्या पुढाकाराने चेन्नईत एक बलाढ्य स्पर्धा थोड्या अवधीत उभी राहिली. गुकेशने ती जिंकली, त्या गुणांच्या बळावर तो आव्हानवीरांच्या स्पर्धेत पोहोचला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झाला. इतक्या घाईने स्पर्धा भरविण्यावर टीकाही झाली. पण सरकारने त्याला एकही गुण दिला नाही. पट मांडून दिला, डाव त्यालाच जिंकावे लागले. जगज्जेतेपदानंतर तामिळनाडूने त्याला ५ कोटी रुपये जाहीर केले, महाराष्ट्राने दिव्याला ३ कोटी दिले. हे सत्कार उचितच आहेत. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो : या रकमेतील शेवटच्या रुपयाची उपयुक्तता कोठे अधिक आहे? शिखरावर पोहोचलेल्याच्या हाती, की दोन नॉर्मवर अडलेल्या मुलाच्या वाटेवर?

यावर कोणी म्हणेल की, सरकारने हात घातला की तेथेही शिफारस शिरणार. भीती अनाठायी नाही. पैसे भरून प्रवेश घ्यायचा आणि सोयीचे प्रतिस्पर्धी जमवायचे, अशा बंद स्पर्धांबद्दल बुद्धिबळजगतात तक्रारी आहेतच. नॉर्म हेच उद्दिष्ट झाले की नॉर्मचे मोल घटते. म्हणून माझ्या सूचना मर्यादित आहेत.

पहिली, प्रत्येक मोठ्या राज्यात दरवर्षी नऊ फेऱ्यांच्या किमान दोन खुल्या नॉर्म स्पर्धा व्हाव्यात आणि त्यांचे वेळापत्रक वर्षभर आधी जाहीर व्हावे. दुसरी, प्रवेश केवळ रेटिंगवर असावा. एका ठरावीक रेटिंगच्या वरील मुलांना प्रवेशशुल्क माफ असावे आणि कोणत्याही समितीला नावे निवडण्याचा अधिकार नसावा. तिसरी, परदेशी ग्रँडमास्टरांचे व्हिसा आणि निवास ही जबाबदारी शासनाने घ्यावी. एरवी रिकामी असणारी विश्रामगृहे त्यासाठी पुरेशी आहेत. चौथी सूचना माझ्या खात्याबाहेरची असली तरी करतो. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, ती एकल पित्यालाही मिळते. परंतु ज्या घरात नोकरी फक्त वडिलांची आहे, तेथे मुलीबरोबर स्पर्धेला जाण्यासाठी त्यांना आपली अर्जित रजाच खर्ची घालावी लागते. मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी वर्षाला पंधरा दिवस अशा पित्यालाही द्यावेत.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक बहुधा बदल्यांच्या नोकऱ्यांमध्ये आहोत. आपल्या वसाहतींतील मंडळांकडे सभागृह असते, गणेशोत्सवात देणगीही जमते. त्यातून दरवर्षी एक रेटिंग स्पर्धा भरविणे अशक्य नाही. नॉर्मची वाट रेटिंगपासूनच सुरू होते आणि पहिले रेटिंग मिळविण्यासाठी मुलाला परदेशी जावे लागत नाही. गल्लीच्या टोकाला पट मांडलेला असला तरी पुरते.