युरियापासून सूर्यशक्ती? कार्बन नायट्राइड म्हणजे काय आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

युरियाची गोणी यवतमाळच्या कापूस उत्पादकाला नवी नाही. हाच युरिया प्रयोगशाळेत झाकण लावून सुमारे ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की पिवळी पूड उरते. तिचं नाव ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. (घरी हा प्रयोग करू नका, त्यात अमोनियासारखे घातक वायू सुटतात.)

ही पूड सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायला मदत करते, हे शिनचेन वांग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. अशा पदार्थाला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

खताशी संबंध काय?

युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. भारतात तो प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून मिळवतात आणि हा वायू मोठ्या प्रमाणात आयात होतो. म्हणजे परदेशात वायू महागला, की खताच्या अनुदानाचा बोजा इथे वाढतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले, त्यामागे हेही एक कारण आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे.

मग अडतं कुठे?

नुसती पूड उन्हातला जांभळा-निळा भागच वापरते, बाकीचा प्रकाश वाया जातो. शिवाय प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन काम करण्याआधीच पुन्हा जागेवर जाऊन बसतात.

म्हणून संशोधक तिचे पातळ पापुद्रे करतात, त्यात गंधक किंवा फॉस्फरस मिसळतात, किंवा टायटॅनियम डायऑक्साइडसारखा दुसरा पदार्थ जोडतात. या जोडपदार्थाला कंपोझिट म्हणतात. इलेक्ट्रॉन एका पदार्थातून दुसऱ्यात गेला, की परतायला वेळ लागतो आणि तेवढ्यात काम होतं.

तरी मजल लांबची आहे. जपानमध्ये वेगळा उत्प्रेरक वापरून १०० चौरस मीटरचा प्रकल्प उभारला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याची कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के होती. साधं सोलर पॅनल सुमारे २० टक्के ऊर्जा विजेत बदलतं.

पाणी शुद्ध होईल का?

इथे गल्लत नको. असे उत्प्रेरक कीटकनाशकांचे काही रेणू तोडतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण यवतमाळच्या अनेक गावांतल्या भूजलात फ्लोराइड आहे. ते आणखी तोडता येत नाही, पाण्यातून वेगळंच काढावं लागतं. त्यामुळे ‘उन्हाने सगळं पाणी शुद्ध करणारी पावडर’ कोणी विकत असेल, तर आधी ‘फ्लोराइड किती कमी होतं?’ एवढं विचारा आणि पाण्याचा तपासणी अहवाल मागा.

थोडक्यात

शेतात आज ऊन वापरायचं असेल तर खात्रीचं साधन सौर पंपच आहे. कार्बन नायट्राइडचा फायदा झालाच, तर तो आधी खत कारखान्यात होईल आणि तिथून गोणीच्या हिशेबात उतरेल.