पाद्रीबाबांची उमेदवारी आणि आपला मापदंड

धर्मगुरूने राजकारणात उतरावे काय, हा प्रश्न निघाला की उत्तरे ठरलेली असतात. उमेदवार पाद्री असला की एक बाजू संतापते, महंत असला की दुसरी. मापदंड मात्र कोणीच तपासत नाही. तो तपासायचा तर शेजारच्या गोव्याचे उदाहरण उद्बोधक आहे.

२०१२ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत फादर बिस्मार्क डायस हे कॅथलिक धर्मगुरू कुंभारजुवे मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. वांशी बेटावरील पर्यटन प्रकल्प आणि सिंधुदुर्गाच्या वेशीवरील तेरेखोलचे गोल्फ मैदान यांना त्यांनी कडवा विरोध केला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडवी नदीत त्यांचा मृतदेह सापडला. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, कसणाऱ्याच्या जमिनीचा त्यांनी मांडलेला प्रश्न खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

पाद्रीला निवडणूक लढवण्यास आपली राज्यघटना अडवत नाही. अडवते ते चर्च. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेचे कलम २८५ शासनाधिकार गाजवण्याची पदे धर्मगुरूंना निषिद्ध ठरवते. कलम २८७ पक्षकार्यातील सक्रिय सहभाग नाकारते. मात्र चर्चच्या हक्कांच्या रक्षणासाठी वा लोकहितासाठी अपवाद ठेवते. अपवाद कोणता, हे ठरवणार चर्चचेच अधिकारी! खरी मेख इथेच आहे.

अमेरिकेत जेझुइट धर्मगुरू रॉबर्ट ड्रायनन मॅसॅच्युसेट्समधून सलग दहा वर्षे संसदेत निवडून गेले. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशानंतर त्यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही. मतदारांनी निवडायचे आणि रोमने परत बोलवायचे, हे लोकशाहीत कसे बसते? फिलिपाइन्समध्ये एडी पॅनलिलिओ २००७ साली पाम्पांगा प्रांताचे गव्हर्नर झाले. त्यासाठी त्यांना धर्मगुरूपदाची कामे बाजूला ठेवावी लागली. वाळू उत्खननातून बुडणारा महसूल त्यांनी प्रांताच्या तिजोरीत आणला. तरी २०१० मध्ये ते हरले.

केरळात तर विसंगती उघडी पडते. १९५९ च्या 'विमोचन समरा'त चर्च निवडून आलेल्या सरकारविरुद्ध उघडपणे रस्त्यावर होते. मात्र २०२३ मध्ये इडुक्की जिल्ह्यातील एका धर्मगुरूने भाजपमध्ये प्रवेश करताच त्यांना पॅरिशच्या जबाबदारीतून दूर करण्यात आले. म्हणजे संस्थेने राजकारण केले तर ते लोकहित आणि व्यक्तीने केले तर शिस्तभंग! आपला आक्षेप असावा तो या दुटप्पीपणावर. एखाद्या पाद्रीच्या नागरी हक्कावर नव्हे.

'मग गोरखपूरचे महंत मुख्यमंत्री कसे?' असा प्रतिप्रश्न येईल, आणि तो टाळू नये. महंतांना राजीनामा द्यायला लावणारे परदेशी पीठ नाही, हा फरक खरा आहे. पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. उमेदवाराच्या वा मतदाराच्या धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०१७ मध्ये बहुमताने दिला. तो झग्याला लागू आहे, तसाच भगव्यालाही. कसोटी एकच असावी : हा लोकप्रतिनिधी उत्तरदायी कोणाला?

दुसरा मार्गही आपण जवळून पाहिला आहे. वसई आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'चे आंदोलन उभे केले. पाणी, शेती आणि गुंडगिरी या प्रश्नांवर त्यांच्यामागे हिंदूही उभे राहिले. त्यासाठी त्यांना आमदारकी लागली नाही.

इथे कार्यकर्त्यांनी आत्मपरीक्षण करावे. बारवी धरणातील विस्थापितांचे हक्क, उल्हास नदीचे प्रदूषण, बदलापूरभोवतालच्या शेतजमिनींचे व्यवहार या प्रश्नांवर गावकऱ्यांच्या दारात प्रथम कोण जातो? जिथे आपण पोहोचत नाही, तिथे दुसरा पोहोचला म्हणून कुरकुरण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. पाद्रीच्या उमेदवारीला खरे उत्तर निषेधाच्या पत्रकात नाही. ते त्याच्याआधी त्या दारात जाण्यात आहे.