वारीच्या वाटेवरचा उद्दाम उजेड

वाल्ह्याहून नीरेकडे जाणारी वाट. पहाटेचे साडेतीन वाजलेले. पालखी हलण्यास अवकाश होता. परंतु मोकळा समाज केव्हाच चालू लागला होता. आमच्या चार पावले पुढे सत्तरी ओलांडलेली एक आजी डोक्यावर बोचके घेऊन संथपणे चालली होती. एवढ्यात मागे राहिलेल्या सोबत्यांच्या शोधात एक गृहस्थ उलट दिशेने आले. कपाळावर हेडलॅम्प. त्यांनी आजींच्या तोंडावर झोत टाकला, ही आपल्यातली नव्हे अशी खात्री करून घेतली आणि ते पुढे सरकले. त्यांचे काम क्षणात झाले. आजींच्या डोळ्यांपुढे मात्र त्यानंतर कितीतरी वेळ काळोखच होता. रस्त्याच्या कडेवरून त्यांचा पाय घसरला आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. ज्यांनी हे घडविले, त्यांना ते ठाऊकही नाही.

हा प्रसंग अपवादात्मक असता, तर त्यावर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत पहाटेच्या वाटेवर अशा झोतांची संख्या वाढतच चालली आहे. डोंगरभटकंतीसाठी घेतलेला, शंभर मीटरपर्यंत मारा करणारा दिवा वारीत तसाच्या तसा आणला जातो आणि पूर्ण शक्तीनिशी चालविला जातो. कोणी हटकले, तर उत्तर तयार असते : ‘सुरक्षिततेसाठी आहे.’

कोणाच्या सुरक्षिततेसाठी? हा प्रश्न एकदा स्पष्टपणे विचारलाच पाहिजे.

अंधाराला डोळा सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. हा सराव एका प्रखर झोताने क्षणात मोडतो. वय वाढते तसे दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर प्रकाश डोळ्यांत विखुरतो आणि समोरचे सारेच पांढुरके होऊन जाते. वारीत चालणाऱ्यांत वृद्धांचा भरणा किती असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणजे ज्याची दृष्टी तरुण आहे, त्याच्या सोयीसाठी ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना आंधळे करावयाचे, असा हा व्यवहार आहे. मागून येणारा झोतही निरुपद्रवी नव्हे. मागच्याच्या कपाळावरचा प्रखर दिवा पुढच्या माणसाची सावली नेमकी त्याच्या पावलापुढे टाकतो. जेथे खड्डा आहे, तेथेच त्याला काळोख दिसतो.

वाहनांपासून संरक्षण, हा दुसरा युक्तिवाद. तोही तपासून पाहावा. आळंदी ते पंढरपूर हा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग ९६५ झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंदावला की वाहनांचा वेग वाढणारच, ही भीती रास्त आहे. परंतु पाठीमागून येणाऱ्या चालकाला तुमच्या कपाळावरचा दिवा दिसतो काय? त्यासाठी पाठीवर चकाकणारी पट्टी हवी किंवा पिशवीला मागे एखादा लहान तांबडा दिवा हवा. ही पट्टी लावलेले किती जण दिसतात, ते कपाळावर दिवे मिरविणाऱ्यांनीच सांगावे!

आता ज्या गोष्टीविषयी बोलण्यास सारे संकोचतात, तिच्याविषयी. वारीतील माता-भगिनी मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजताच का उठतात? टँकरपाशी उघड्यावर स्नान करावयाचे असते, आडोशाला जावयाचे असते. हे सारे उजाडण्यापूर्वी आटोपावे म्हणून. ‘निर्मल वारी’सारख्या उपक्रमांतून मुक्कामी फिरती शौचालये उभी राहू लागली, हे मोठेच काम झाले. परंतु लाखांच्या समुदायात ती सर्वांना पुरतात असे नाही, आणि वाटेत तर अंधार हाच त्या माउलींचा पडदा असतो. हातातल्या विजेरीला दिशा द्यावी लागते. कपाळावरच्या दिव्याचे तसे नाही. मान वळेल तिकडे तो वळतो. कसला आवाज झाला म्हणून कोणी सहज शेताच्या बांधाकडे पाहतो आणि तेथे बसलेल्या स्त्रीचा पडदा फाटतो. त्याच्या मनात पाप नसेल. परंतु तिची अब्रू त्याच्या हेतूवर अवलंबून का असावी? आमच्या सोबतच्या एका भगिनीने सांगितले की, या धास्तीने अनेक जणी रात्री पाणी पिणेच टाळतात. दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या स्त्रीने पाणी टाळणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

काही मंडळी याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतात की, ही सारी आधुनिक थेरं वारीतून हद्दपार करा. हे आम्हांस मान्य नाही. हा दिवा शहरी हौशींचा आहे, असे समजण्याचेही कारण नाही. शेतीपंपाला वीज रात्री मिळते म्हणून डोक्याला बॅटरी बांधून उसाला पाणी देणारा शेतकरी हा दिवा आमच्याआधीपासून ओळखतो. तेथे दोन्ही हातांत फावडे असते आणि बांधावर सापाचे भय असते. तेथे तो दिवा शोभतो, कारण समोर दुसऱ्या माणसाचे डोळे नसतात. वारीत पाऊल टाकावे तेथे माणूस आहे.

उजेडाची गरजही आम्ही नाकारीत नाही. वारी ज्येष्ठ वद्यात निघते, त्यामुळे आरंभीच्या पहाटे निदान उतरत्या चंद्राचा आधार असतो. अमावास्या ओलांडल्यावर मात्र चंद्र पहाटेपूर्वीच मावळतो. वर आषाढाचे ढग. त्या काळोखात वाट दिसलीच पाहिजे. पूर्वी ती कंदिलाने दिसत असे. कंदील हातात, गुडघ्याशी धरलेला. त्याचा मंद उजेड धरणाऱ्याच्या पायांबरोबर आजूबाजूच्या चौघांच्या पायांवरही पडे. एक दिवा पाच जणांना पुरे. आज पाच जणांचे पाच दिवे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांत! याला प्रगती म्हणावयाचे असेल, तर खुशाल म्हणावे.

खरे तर करावयाचे आहे ते अगदी थोडे. दिवा कपाळावरून काढून हातात घ्यावा, कमरेखाली धरावा, सर्वांत मंद टप्प्यावर ठेवावा. कपाळावरच हवा असेल, तर त्याचे तोंड पुरते खाली वळवावे आणि कोणाशी बोलताना तो हाताने झाकावा. अनेक हेडलॅम्पना तांबडा उजेड असतो. मंद तांबड्या उजेडाने अंधाराला सरावलेली दृष्टी फारशी बिघडत नाही. राहुटीत तोच वापरावा. पहाटेचे सामान रात्रीच बांधून ठेवले, तर दोन वाजता झोपलेल्यांच्या तोंडावर प्रकाश पाडीत टॉवेल शोधण्याची वेळ येत नाही. आपण एकमेकांना माउली म्हणतो, एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो; झोतही पायांशीच असावा, यात कोणाला काय जड आहे?

हे जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने घडावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. वारीला स्वतःची शिस्त आहे. दिंड्यांचे क्रम ठरलेले, कोणी कोठे चालावे हे ठरलेले. हैबतबाबांनी घालून दिलेली घडी आजही टिकून आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि एवढा अफाट जनसमुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हरवलेल्या वस्तूंपासून चालण्याच्या क्रमापर्यंतचे प्रश्न तेथे मांडले जातात. मग आमच्या आया-बहिणींच्या पडद्याचा आणि वृद्धांच्या डोळ्यांचा प्रश्न तेथे का मांडला जाऊ नये? पुढील आषाढीला, सासवडच्या तळावरच, एखाद्या दिंडीने यासाठी टाळ वाजत ठेवावेत. दिवेघाट चढून आलेल्या त्या दिवशी सारेच थकलेले असतात हे खरे. पण पुढच्या पहाटेचा अंधारही तेथूनच सुरू होतो.